जमिनीचे देणे

ह्या धड्यास फळा लागत नाही की पुस्तक लागत नाही. दोन काचेचे पेले, स्वच्छ पाणी आणि मातीची दोन ढेकळे एवढे साहित्य जमविले म्हणजे पुरे. एक ढेकूळ बांधावरील गवताच्या मुळांपासून काढावे. दुसरे त्याच बांधाला लागून असलेल्या, वर्षानुवर्षे नांगरल्या गेलेल्या शेतातून घ्यावे. दोन्ही लिंबाएवढी असावीत व दोन-तीन दिवस सावलीत सारखीच वाळवावीत. मग मंडळी जमल्यावर उपदेशकांनी ती एकाच वेळी, हलक्या हाताने, दोन पेल्यांत सोडावीत आणि सर्वांनी काही न बोलता पाहत राहावे.

बहुतेक ठिकाणी जे दिसेल ते असे. शेतातील ढेकूळ पाणी लागताच सुटू लागेल. थोड्याच वेळात त्याचा चिखल होऊन तळाशी बसेल आणि वरचे पाणी गढूळ होईल. बांधावरचे ढेकूळ पुष्कळ वेळ आपला आकार धरून राहील व त्याच्या भोवतीचे पाणी बरेच नितळ दिसेल. दोन्ही ढेकळे एकाच खडकाची लेकरे. दोहोंवर पाऊस सारखा, ऊन सारखे, मध्ये अंतर चार पावलांचे. असे असून एकाने दम धरला आणि दुसऱ्याने सोडला, हे का? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्यास नीट समजले त्यास आजचा धडा समजला असे आम्ही म्हणू.

१. माती जिवंत आहे

आपल्या दख्खनची काळी माती ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणापासून झाली आहे. ऊन, पाऊस, वारा व झाडांची मुळे ह्यांनी तो पाषाण कणाकणाने फोडला. एक इंचभर माती तयार होण्यास हजार वर्षेही लागू शकतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे सांगणे आहे. परंतु दगडाचे पीठ म्हणजे माती नव्हे. त्या पिठात गळालेली पाने, मेलेली मुळे व जनावरांचे शेण कुजते. त्यावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू व बुरशीचे धागे जगतात. त्यांच्या अंगातून जो चिकट द्रव निघतो त्याने मातीचे कण एकमेकांस धरून राहतात. कणांच्या मध्ये बारीक पोकळ्या राहतात. त्यांतून पावसाचे पाणी आत उतरते, हवा खेळते व कोवळी मुळे वाट काढितात. बांधावरच्या ढेकळाने दम धरला तो ह्याच डिंकाच्या बळावर. शेतातील ढेकळाचा डिंक आम्हीच संपविला.

गांडुळाचे काम तर प्रत्येकाने पाहिलेच आहे. चार्ल्स डार्विन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने आयुष्याच्या शेवटी, १८८१ साली, गांडुळांवर एक ग्रंथ लिहिला. इंग्लंडातील पुष्कळ ठिकाणी एका एकरात वर्षाकाठी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा हिशेब त्याने मांडला. हा नांगर बैल मागत नाही, डिझेल मागत नाही. तो मागतो ओलावा, सावली आणि खाण्यास पालापाचोळा.

माती-परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ असे एक सदर असते. मातीतील कुजलेल्या जीवद्रव्याचे ते माप होय. शेकडा अर्ध्याहून कमी कर्ब असल्यास तो कमी समजतात. पाऊण टक्क्याच्या वर असल्यास चांगला समजतात. म्हणजे शंभर किलो मातीत अर्धा किलो की पाऊण किलो एवढाच तो फरक! पण पापडाच्या पिठात खार जसा थोडा असतो आणि तरी त्यावाचून पापड होत नाही, तसेच हे आहे.

२. देणे कसे थकले

वाण्याच्या वहीत दोन बाजू असतात, जमा आणि नावे. शेताचीही तशीच वही आहे. ज्वारीचे कणीस आम्ही घरी नेले, कडबा गोठ्यात नेला, तुराट्या-पऱ्हाट्या चुलीत घातल्या, उसाचे पाचट काडी लावून जाळले, आणि जनावरांचे शेण थापून त्याच्या गोवऱ्या केल्या. मग परत काय दिले? जे जमिनीतून निघाले त्याचा काही भाग जमिनीस परत मिळालाच पाहिजे, हा जुना कुणबी पाळीत असलेला नियम आहे. बेवड हा आपल्या भाषेतील शब्द पाहा. मागील पिकाने पुढील पिकासाठी जमीन कशा स्थितीत ठेविली, ह्यास आपले वडील बेवड म्हणत. तुरीचा किंवा हरभऱ्याचा बेवड चांगला, हे त्यांना कोणत्याही शाळेत न जाता ठाऊक होते.

दुसरी गळती पाण्याची. वळवाचा पाऊस उघड्या, भुसभुशीत रानावर पडतो, तेव्हा प्रत्येक थेंब लहान हातोड्यासारखा आदळतो. कण सुटतात, पोकळ्या बुजतात, पाणी आत न जाता वरून पळते आणि जाताना सर्वांत मोलाची, अगदी वरची माती घेऊन जाते. ओढ्याला आलेले तांबूस-काळे पाणी पाहून आपण ‘पूर आला’ एवढेच म्हणतो. खरे म्हणजे ते आपल्याच शेताचे सारवण वाहत चाललेले असते.

जोतीराव फुले हे पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. त्यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात हे दुखणे ओळखून ठेविले. डोंगरांवरील पालापाचोळ्याचे सत्त्व पूर्वी पावसाबरोबर शेतांत येत असे, हे सांगून पावसाचे पाणी शेतांत मुरेल अशा रीतीने जागोजाग ताली व बंधारे बांधावे, आणि त्या कामास सरकारने आपले शिपाई लावावे, असे त्यांनी सुचविले.

ज्यांनी ऐकले नाही त्यांची गतही जगाने पाहिली. अमेरिकेच्या मध्यभागी असलेली विस्तीर्ण गवताळ राने लोकांनी गव्हासाठी नांगरून काढिली. पुढे १९३० नंतर अवर्षणे पडली तेव्हा मातीस धरून ठेवणारे गवत उरले नव्हते. १४ एप्रिल १९३५ ह्या रविवारी धुळीचा असा प्रचंड लोट उठला की भर दिवसा अंधार झाला. हजारो कुटुंबे घरदार सोडून निघून गेली. त्याच महिन्यात त्या देशाने मृदासंधारणाचा कायदा केला. आपल्या देशातील स्थितीही निश्चिंत राहण्यासारखी नाही. २०१८-१९ सालच्या उपग्रह-पाहणीप्रमाणे भारतातील सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर भूमी, म्हणजे जवळजवळ शेकडा तीस, कोणत्या ना कोणत्या रीतीने खालावलेली आढळली.

३. इंदूरची गोष्ट

आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारातील पुसा येथे सरकारी नोकरीवर आले. हिंदी शेतकऱ्यास शिकवावे म्हणून ते आले, आणि त्याच्यापासून शिकत राहिले. शेतकरी व पिकांवरील कीड हे आपले खरे गुरू, असे ते मानीत. १९२४ साली ते होळकरांच्या इंदुरास गेले व १९३१ पर्यंत तेथील संशोधन-संस्था त्यांनी चालविली. त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांच्यासह त्यांनी कुजविलेल्या खताची जी रीत बसविली, ती ‘इंदूर पद्धत’ ह्या नावाने जगभर गेली. त्या दोघांचे त्यावरील पुस्तक १९३१ साली निघाले. आज परदेशांत ज्यास सेंद्रिय शेती म्हणतात तिचे एक मूळ असे आपल्या शेजारच्या माळव्यात आहे.

ती रीत कोणासही करिता येण्यासारखी आहे. हॉवर्ड ह्यांचे खड्डे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि केवळ दोन फूट खोल असत. लहान शेतकऱ्याने लांबी-रुंदी आपल्या गोठ्याच्या मानाने ठेवावी. खोली मात्र दोन-तीन फुटांहून अधिक नसावी, कारण खोल खड्ड्यात हवा पोहोचत नाही आणि हवेवाचून खत नीट न कुजता त्यास दुर्गंधी येते. आपला नेहमीचा उकिरडा फसतो तो येथेच. तो उन्हात वाळतो, पावसात धुपतो, आणि त्याचे सत्त्व ओढ्यास मिळते.

खड्ड्यात प्रथम पालापाचोळा, काडीकचरा व तण ह्यांचा वीतभराहून पातळ थर द्यावा. पऱ्हाट्या व तुराट्यांसारखा कठीण माल आधी ठेचून घ्यावा. इंदुरास तो रस्त्यावर पसरीत, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली तो आपोआप चुरडला जाई. त्यावर शेणाचा काला शिंपडावा. त्यावर गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व चुलीची थोडी राख पसरावी. ही मूत्राची माती फार मोलाची आहे, कारण जनावराच्या मूत्रात नत्र भरपूर असते आणि आपण ते बहुधा वाया घालवितो. गोठ्यात कोरड्या मातीचा थर पसरून तीन-चार महिन्यांनी ती माती काढून घेत गेले म्हणजे हे धन हाती येते. असे थरावर थर देऊन, प्रत्येक वेळी पाणी शिंपडून, खड्डा भरावा. माल पिळलेल्या फडक्याइतका ओला असावा. त्यातून पाणी गळू नये.

काही दिवसांतच ढीग आतून इतका तापतो की त्यात हात ठेववत नाही. ह्या उष्णतेने तणांचे बी व माश्यांच्या अळ्या मरतात. पंधरवड्याने एकदा, एक महिन्याने दुसऱ्यांदा व दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा तो खालीवर करावा आणि वाळला असल्यास पाणी द्यावे. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारे खत तयार होते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून त्या दिवसांत जमिनीवरच उंचवट्यावर ढीग करावा.

४. खताचे पोते की शेणखताची गाडी?

आता कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? युरियाचे पोते आणले म्हणजे झाले. ह्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते, म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो. शेणखतात नत्र शेकडा अर्धा भाग धरला तर तितके नत्र मिळण्यास चार टनांहून अधिक शेणखत वाहावे लागेल. नत्राचाच हिशेब केला तर पोत्याची सरशी आहे, हे कबूल करावे. परंतु पोत्यातील नत्र पिकास मिळते, मातीतील जिवांस त्यापासून अन्न मिळत नाही. गाडीभर शेणखतात पीक व माती दोघांचेही जेवण असते. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे १८४३ सालापासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. तेथे रासायनिक खताच्या पट्ट्यांतही गहू चांगला येतो, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. परंतु दरसाल भरपूर शेणखत मिळालेल्या पट्ट्यात मातीतील कर्ब, काहीच खत न दिलेल्या पट्ट्याच्या मानाने दुपटीहून अधिक झाला आहे.

म्हणून आमचे सांगणे असे की पोते एका दिवसात टाकून देऊ नये. २०२१ साली श्रीलंकेच्या सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे व चहाचे उत्पन्न घटले, लोकांचे हाल झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती बंदी उठवावी लागली. उपाशी जमिनीस आधी जेऊ घालावे, मग तिच्याकडून काम मागावे. शेणखत, हिरवळीचे खत व कडधान्यांचा बेवड जसजसा वाढेल तसतसे माती-परीक्षण करून पोते कमी करावे. घाईने केलेल्या चांगल्या कामाचेही वाईट फळ येते.

५. पाच नेम

पहिला नेम: जमीन उघडी ठेवू नये. पाचट, धसकटे, पालापाचोळा जाळू नये. उसाचे पाचट हेक्टरी आठ ते दहा टन निघते. ते सरीत पसरले तर ओल टिकते, तण दबते व अखेर त्याचेच खत होते. काडी लावणारा मनुष्य पाच मिनिटांत वर्षभराचे खत धुरात घालवितो.

दुसरा नेम: पिकांची फेरपालट करावी. तूर, हरभरा, मूग, मटकी, हुलगा ह्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जंतू हवेतील नत्र धरून ठेवितात. एखादी गाठ नखाने फोडून पाहावी. आत तांबूस दिसली तर जंतू कामावर आहेत असे समजावे. ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येताच जमिनीत गाडला तर तेही उत्तम खत होय.

तिसरा नेम: नांगर गरजेपुरताच. वारंवार खोल नांगरल्याने मातीतील कर्ब हवेत जाऊन संपतो आणि बुरशीचे धागे तुटतात. रायगड जिल्ह्यात नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे ह्यांनी न नांगरता, एकदा केलेल्या गादीवाफ्यांवरच पुढेही भात व इतर पिके घेण्याची रीत बसविली आहे. तीत मागील पिकाची मुळे जमिनीतच राहू देतात. प्रत्येक रानास ती जशीच्या तशी लागू पडेल असे नाही, पण एखाद्या गुंठ्यावर करून पाहण्यास काय हरकत आहे?

चौथा नेम: पळत्या पाण्यास चालावयास लावावे, चालत्यास थांबावयास, आणि थांबलेल्यास मुरावयास. पेरणी व कुळवणी उताराला आडवी करावी. बांध फुटला तर त्याच आठवड्यात घालावा व त्यावर गवत धरावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे पूर्वीचे दुष्काळी गाव. १९८९ नंतर पोपटराव पवार सरपंच असताना गावकऱ्यांनी डोंगरावर चर खणले, मोकाट चराई व कुऱ्हाड बंद केली, पाण्याचा हिशेब ठेवून पिके निवडली, आणि गाव सोडून गेलेली कित्येक कुटुंबे परत आली. एकट्याने बांध घालता येतो. डोंगर राखावयास मात्र सारे गाव लागते.

पाचवा नेम: पाणी मोजून द्यावे. पाण्याचा सुकाळ हाही जमिनीचा शत्रू होऊ शकतो. नीरा खोऱ्यात कालवा आल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभीच कित्येक जमिनींत खार वर येऊन त्या चोपण झाल्या. काळ्या, निचरा नसलेल्या रानात उसास पाट सोडून झोपी जाणारा शेतकरी आपल्या मुलाच्या वाट्यास मीठ ठेवितो.

६. ज्यांस शेण परवडत नाही, ज्यांस जमीन नाही

हा भाग लिहिताना आम्हांस संकोच होतो, कारण उपदेश करणे सोपे आहे. जी बाई गोवऱ्या थापते ती जमिनीची वैरीण नव्हे. तिला पोरांना भाकर भाजून द्यावयाची असते. तिच्या हातची गोवरी काढून घेण्याआधी तिच्या चुलीची सोय लावली पाहिजे. ज्यांच्या गोठ्यात चार जनावरे आहेत त्यांनी गोबर-गॅसचा विचार करावा. त्यात शेणापासून जाळही मिळतो आणि मागे उरलेली रबडी शेतास उत्तम खत म्हणून जाते. ज्यांस तेवढे साधत नाही त्यांनी बांधावर सरपणाची झाडे लावावीत व शेण वाचेल तितके वाचवावे.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे दुसऱ्याची जमीन अर्धलीने किंवा खंडाने करितात. पुढील वर्षी हे रान आपल्याकडे राहील की नाही हे ज्यास ठाऊक नाही, तो त्यात खताच्या गाड्या का टाकील? त्याने टाकलेल्या खताचे फळ तिसऱ्या वर्षी यावयाचे, आणि दुसऱ्याच वर्षी मालक म्हणावयाचा, ‘आता आम्हीच करतो.’ येथे दोष कसणाऱ्याचा नाही. ज्यांस देवाने जमीन दिली आहे अशा आमच्या बांधवांस आमची विनंती आहे की, रान द्यावयाचे तर एका वर्षाच्या बोलीने न देता चार-पाच वर्षांच्या बोलीने द्यावे, आणि खताचा खर्च दोघांनी वाटून घ्यावा. मजुरास आज मिळालेली ही शाश्वती उद्या मालकाच्याच जमिनीत जमा होते.

मोशेच्या नियमशास्त्रात सातव्या वर्षी जमिनीस विसावा देण्याची आज्ञा आहे, आणि त्या वर्षी आपोआप उगवेल ते गरिबांस व जनावरांस मोकळे असावे असेही त्यात आहे. जमीन व गरीब ह्या दोघांची काळजी तेथे एकाच आज्ञेत बांधिली आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जमीन आपली आहे असे आपण सातबाऱ्यावर वाचतो. पण आपल्या आधी ती दुसऱ्याच्या नावे होती आणि आपल्या मागून तिसऱ्याच्या नावे होणार. मधल्या काळात ती आपल्याकडे केवळ ठेव आहे. ठेव घटवून परत करणाऱ्यास लोक काय म्हणतात, हे सांगावयास नको.

आता त्या दोन पेल्यांकडे पुन्हा एकदा पाहावे. गढूळ झालेला पेला पाहून खिन्न होण्याचे कारण नाही. बांधावरचे ढेकूळही एके काळी शेतातलेच होते; त्यावर नांगर फिरला नाही, गवत राहिले, मुळे राहिली, आणि ते सुधारले. जे बांधावर आपोआप झाले ते शेतात आपल्या कष्टाने होऊ शकेल.

विचारासाठी प्रश्न

१. दोन ढेकळांत जो फरक दिसला त्याचे कारण आपल्या शब्दांत सांगा.

२. मागील वर्षी आपल्या शेतातून काय काय घरी आले व शेतास काय परत गेले? दोन्ही बाजू कागदावर मांडा.

३. इंदूर पद्धतीत खड्डा उथळ का ठेवितात? मूत्राची माती वाया का घालवू नये?

४. श्रीलंकेत जे घडले त्यावरून कोणता बोध घ्यावा?

५. आपल्या मंडळीत जमीनवाले व बिनजमिनीचे असे दोन्ही आहेत. दोघांनी मिळून एका रानाची सुधारणा कशी करिता येईल?

ह्या आठवड्यात करावयाचे काम: आपल्या शेतातील आठ-दहा ठिकाणांहून वीतभर खोलीची माती घ्यावी. बांध, झाड व उकिरडा ह्यांच्या जवळची घेऊ नये. ती एकत्र मिसळून, त्यातील अर्धा किलो सावलीत वाळवून, नाव व गट नंबर लिहून, माती-परीक्षणास पाठवावी. कागद परत आला म्हणजे सेंद्रिय कर्बाचा आकडा घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा, आणि तीन वर्षांनी त्याच्याखाली दुसरा आकडा लिहावा.